आजारपण हे दादाचं खातं होतं

गुलमंडीच्या बाजारात आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, परकर, फॉल, अस्तर, सगळं. बायका साडी घेऊन येतात, मी त्या रंगाचं कापड काढून देते, आणि मग त्या दोन्ही घेऊन रस्त्यावर जातात. कारण ट्यूबलाइटखाली रंग खोटा दिसतो. "ताई, बाहेर उजेडात बघून या," हे मीच सगळ्यांना सांगते. दिवसातून इतक्यांदा सांगते की झोपेतसुद्धा बडबडत असेन.

तर त्या दिवशी एक बाई राणी रंगाची साडी घेऊन आल्या. मी आपली रंगात येऊन सांगतेय, की बघा, राणीमध्ये दोन प्रकार येतात, एक जांभळ्याकडं जातो, एक लालाकडं. आणि माझं वाक्य अर्धं असतानाच बाईंनी एक शब्द न बोलता पाठ फिरवली आणि निघाल्या की बाहेर! बास. एवढंच झालं. छातीवर कुणी कापडाचा अख्खा तागा ठेवावा तसं वजन आलं. हात गार, कानात शिट्टी, श्वास गळ्याच्या खाली उतरेना. मला वाटलं, मेले मी आता. काउंटरच्या मागं तशीच खाली बसले.

बाई परत आल्या. "हाच द्या हो, बाहेर मस्त दिसतोय," म्हणाल्या. समोर कुणीच दिसेना म्हणून वाकून बघतात तर मी खाली, घामानं चिंब. त्या उजेडात रंग बघायला गेल्या होत्या, दुसरं काही नाही. अख्ख्या गुलमंडीला मी जे शिकवलं, त्यानंच मला आडवं केलं.

आता हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

हृदय ठणठणीत

आमच्या ह्यांनी वाळूजच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला हृदयाच्या दवाखान्यात नेलं. छातीला चिकटपट्ट्या लावल्या, गार जेल चोपडलं, फिरत्या पट्ट्यावर पळवलं. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मला कोणती भाजी बाधते याची पूर्ण चौकशी केली. माझी कुणी एवढी चौकशी करावी यानं मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

डॉक्टर हसत म्हणाले, "ताई, हृदय ठणठणीत आहे. घबराटीचा झटका होता हा. मानसोपचारवाल्या एक मॅडम आहेत, त्यांना एकदा भेटा."

दुसरी बाई असती तर देवाला नारळ फोडला असता. माझं तोंड उतरलं. एखादी नळी तरी तुंबायची होती! रिक्षात मी ह्यांच्यावरच घसरले, "म्हणजे मी येडी आहे का? तुम्हालाही तसंच वाटतं का?"

"हं," ते म्हणाले. ह्यांचा सगळ्यालाच 'हं' असतो, पण त्या दिवशी तो 'हं' मला असा काही लागला की घरी येऊन मी भांडी आदळली. मॅडमचं नाव लिहिलेली चिठ्ठी पर्सच्या तळाशी गेली.

सानिकाचा हात

ती चिठ्ठी वर आली माझ्या मुलीमुळं. सानिका तेव्हा सातवीत होती. अभ्यास तिचा ती करणार, डबा तिचा ती भरणार, हट्ट म्हणून नाही. पाहुण्यांसमोर मी कौतुकानं सांगायची, "आमच्या सानूचा काही म्हणजे काही त्रास नाही."

एक दिवस शाळेतून खेळाच्या बाईंचा फोन आला. "सानिकाचं मनगट डॉक्टरांना दाखवलंत का?" मी म्हटलं, कसलं मनगट? तर खो-खो खेळताना पोर पडली होती, आणि तेही परवा. हात सुजून हा एवढा झाला होता, आणि ती घरात पूर्ण बाह्यांचा टॉप घालून डाव्या हातानं जेवत होती. मी तिला जेवताना बघितलं होतं. वाटलं, चाललाय काहीतरी पोरखेळ.

बाई म्हणाल्या, "ती म्हणत होती, आईला नका सांगू, आईची तब्येत बरी नसते."

हाडाला चीर गेली होती. प्लास्टर घालताना मीच रडायला लागले, तर पोरगी उलटी माझ्या पाठीवरून हात फिरवते. "काही नाही गं आई. एवढं काही दुखत नाहीये."

तो आवाज मला ओळखीचा वाटला. माझाच होता. लहानपणी मी अगदी अश्शीच बोलायची, याच सुरात, समोरच्याला धीर देत. मी हादरले. स्वतःसाठी मी त्या मॅडमकडं कधीच गेले नसते, हे खरं सांगते. पण ही पोर माझ्यासारखी होता कामा नये, एवढं एकच डोक्यात होतं. प्लास्टरच्या दुसऱ्याच दिवशी मी चिठ्ठी शोधून काढली.

"काय झालं होतं?" "काहीच नाही."

मॅडम वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मी मनात म्हटलं, ही काय मला सांगणार. त्यांनी विचारलं, लहानपणी काही घडलं होतं का?

"काहीच नाही हो," मी म्हटलं. "फुलंब्रीत घर होतं. अण्णा तहसिलीत कारकून. कुणी कधी हात उगारला नाही. खायला-प्यायला, कपडालत्ता, शाळा, सगळं वेळेवर."

"आजारी पडलात की जवळ कोण बसायचं?"

"मी आजारी पडायची नाही."

"कधीच?"

मी हसले. म्हटलं, "मॅडम, आमच्या घरात आजारपण हे दादाचं खातं होतं."

माझा मोठा भाऊ, दादा, दम्याचा पेशंट. आता चांगला गलेलठ्ठ झालाय, खतांचं दुकान चालवतो, पण तेव्हा त्याचा श्वास लागला की घरात दुसरं काही नसायचं. आई त्याच्या उशाशी, अण्णा डॉक्टरकडं पळताहेत, आणि मी एका कोपऱ्यात, कुणाच्या पायात येणार नाही अशी. येणारा-जाणारा म्हणायचा, "पोरगी मात्र गुणाची, हिचा काही त्रास नाही." मला तेच माझं बक्षीस वाटायचं.

बोलता बोलता मला एक आठवलं. सहज म्हणून सांगितलं, गंमत म्हणून. आठ-नऊ वर्षांची असेन. कान ठणकत होता. आई दादाला वाफ देत होती. मग मीच तव्यावर मीठ गरम केलं, फडक्यात बांधलं आणि चुलीपाशी बसून आपलाच कान आपण शेकला. आई पाणी न्यायला आत आली, मला बघितलं, म्हणाली, "शहाणी गं माझी बाय," आणि भांडं घेऊन गेली. मला लई भारी वाटलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या सानिकानं असं स्वतःच मीठ गरम करून कान शेकला असता तर?"

मग मात्र मी जी रडले! मॅडमचा टिश्यूचा डबा रिकामा केला. असं रडणं दुसऱ्या कुणाचं बघितलं असतं तर मी म्हटलं असतं, बाईचं कुणी गेलं की काय.

त्याचं नाव त्यांनी सांगितलं, भावनिक उपेक्षा. मारहाण झाली तर आठवण राहते, दाखवायला वळ असतो. इथं जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, आणि न झालेलं आठवणार कसं? घरातली माणसं वाईट असावी लागतात असंही नाही. आपल्याला काय होतंय हे विचारणारं कुणी नसलं की पोर स्वतःलाही विचारायचं सोडून देतं, असं त्या म्हणाल्या. आणि पुढं मोठेपणी कुणी बोलणं न ऐकता पाठ फिरवली, की शरीराला वाटतं आपण परत त्या कोपऱ्यातच आहोत. याला ट्रिगर म्हणतात. समोर राणी रंगाची साडी असली तरी शरीर फुलंब्रीत पोचलेलं असतं.

मग त्यांनी एक तक्ता पुढं केला. त्यावर भावनांची नावं, प्रत्येकीला वेगळा रंग. चिडचिड, हिरमोड, एकटेपण, हेवा, भीती. "आत्ता यातलं काय वाटतंय?"

"मॅडम, हे तर आमच्या दुकानातलं रंगांचं शेड कार्ड आहे," मी म्हटलं. तेव्हा त्या हसल्या. पण खरं सांगू? मला मरूनचे इतके प्रकार सांगता येतात की समोरचा थकेल, आणि त्या तक्त्यावर बोट ठेवता येईना. मी एवढंच म्हटलं, "डोकं दुखतंय." बरेच आठवडे माझं उत्तर डोकं दुखतंय हेच होतं.

अयादत

दर गुरुवारी मॅडम, रोज एक छोटी गोळी, आणि छाती आवळली की करायचा एक व्यायाम. पाय जमिनीवर टेकवायचे, समोर जे दिसतंय त्याची नावं घ्यायची, आत्ता आपण कुठं आहोत ते स्वतःला सांगायचं. माझ्यासमोर कायम रंगीत कापडांची कपाटं, त्यामुळं मी मनात म्हणायची, अबोली, मोरपंखी, चिंतामणी, आमसुली, मी गुलमंडीत आहे, दुकान माझं आहे. एकदा तोंडातून मोठ्यानं निघालं तर गिऱ्हाईक म्हणालं, "मोरपंखीच दाखवा." तेवढाच धंदा झाला.

पण हा आजार सांगायचा कसा? बाळंतीण असो, पाय मोडलेला असो, लोक बिस्किटं घेऊन येतात. मन मोडलेल्याला कुणी बिस्किटं आणत नाही. माझ्या सासूबाईंनी ह्यांना हळूच विचारलं होतं, "लोकांना काय सांगायचं?" मी म्हटलं होतं, काही सांगू नका, ॲसिडिटी आहे म्हणा.

शेजारी लेस आणि बटणांचं दुकान आहे, ते नसीम आपा चालवतात. त्यांनी मला एकदा गोळी घेताना बघितलं आणि खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, आणि वर म्हटलं, "पण हे काही खरं आजारपण नाही, आपा."

"डॉक्टर के पास जाती ना?"

"हो."

"दवा खाती ना?"

"खाते."

"फिर बीमारीच है. कायकू छुपाती?"

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान बंद. आपा डाळिंबं आणि पायनापल केकचा डबा घेऊन थेट आमच्या घरी. चप्पल काढली आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या. मी उठून चहा टाकायला निघाले तर हात धरून खाली बसवलं. म्हणाल्या, "आमच्यात आजारी माणसाला बघायला जातात ना, त्याला अयादत म्हणतात. आजारी माणूस चहा नाय करत. तू लेट."

आणि मग विचारलं, "अब बोल. कैसा लगता?"

तिथंच माझी छाती आवळली. गंमत बघा, कुणी पाठ फिरवली तरी तेच, आणि कुणी मायेनं विचारलं तरी तेच! विचारलं की काय बोलायचं हे मला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. मी अबोली, मोरपंखी सुरू केलं. आपा वाट बघत बसल्या. डाळिंब सोलत होत्या, मधेच दाणे माझ्या हातावर ठेवत होत्या. शेवटी मी म्हटलं, "आपा, मला माझी दया येते आणि त्याची लाज वाटते." बोलून झाल्यावर माझी मीच चाट पडले.

"हौ," आपा म्हणाल्या. "बरोबर है." आणि आणखी दाणे दिले. सल्ला एक नाही. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर एवढंच करा. जवळ बसा आणि डाळिंब सोला.

आमच्या ह्यांचीही प्रगती झाली. मी त्यांना समजावलं की तुमच्या 'हं'नं मला काय होतं. माणूस चांगला, मनावर घेतलं त्यांनी. आता प्रत्येक वाक्याला "ऐकतोय, ऐकतोय" म्हणतात. टीव्हीकडं बघत म्हणतात, पण म्हणतात.

आईचा फोन

मधे माझ्या अंगात आलं आणि मी फुलंब्रीला जाऊन आईला सगळं सांगून टाकलं. मॅडमनी घाई करू नका म्हटलं होतं, पण ऐकेन तर मी कसली! मिठाची पुरचुंडी, कोपरा, सगळं बाहेर काढलं. मला वाटलं होतं आई रडेल, मला पोटाशी धरेल, मागून पावा वाजेल.

आई फणकारली. "काय कमी केलं गं तुला? पोरगं डोळ्यासमोर निळं पडत हुतं माझं. तुला बघत बसू का त्याला? आन् मला कुणी विचारलं हुतं, कशी हायेस म्हणून?"

हे शेवटचं खरं होतं. तिला कुणीच विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी मला तिची कणव नाही आली, राग आला. पाणीसुद्धा न पिता निघाले. दादा बसस्टँडपर्यंत सोडायला आला. मोटारसायकल थांबवून म्हणाला, "विजे, एक सांगू? मी खाटेवरून तुला खेळताना बघायचो ना, मला वाटायचं, हिची मजा हाय."

"माझी? मला वाटायचं तुझीच मजा आहे! सगळे तुझ्याभोवती."

"व्हय की. श्वास सोडून सगळं हुतं माझ्याकडं."

आम्ही दोघं स्टँडवर उभं राहून इतके हसलो की बस निघून गेली. मग दुसरी येईपर्यंत त्यानं मला उसाचा रस पाजला. त्यानं एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा विचारलं, की तुला नेमकं काय होतं. मी सांगितलं.

आई काही बदलली नाही, ती बदलणारही नाही, आणि हे मान्य करायला मला बरेच गुरुवार लागले. फक्त काही दिवसांनी दुपारी दुकानात तिचा फोन आला. ती स्वतःहून कधी करत नाही. इकडचं तिकडचं झालं, पाऊस, दादाच्या पोरांच्या परीक्षा. मग म्हणाली, "कान दुखत हुता म्हणं तुझा?"

पस्तीसेक वर्षांनी! मला हसावं का रडावं कळेना. "हो गं आई," मी म्हटलं. "लई दुखत होता."

"मग आता?"

"आता बरा आहे."

"बरं. झाकून घेत जा, वारं लई हाय," म्हणाली आणि ठेवून दिला. मी तसाच फोन कानाला लावून बसले होते थोडा वेळ.

पाठ फिरवून

मी सुधारत होते, पण ज्या पोरीसाठी हे सगळं मांडलं होतं ती कुठं काय बोलत होती? प्लास्टर निघालं, हात बरा झाला, सानिकाचं "काही नाही" तसंच. मी नवी नवी शिकलेली, त्यामुळं तिच्या मागं लागायची. जेवताना, वेणी घालताना, रिक्षात. "सानू, काय वाटतंय? राग आलाय? हिरमोड झालाय?" एकदा ती वैतागून म्हणाली, "आई, तू आधी होतीस तशीच बरी होतीस." मी खट्टू होऊन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उकरून काढू नका. ती येईल तेव्हा तुम्ही तिथं असा, एवढं बघा." मला ते पटलं नाही. भीती वाटायची, की उशीर झाला असेल, पोर शिकून बसली असेल कोपऱ्यात राहायला.

मग आली लग्नसराई. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, समोर चार साड्या उघड्या, एका नवरीच्या मावशीला अबोलीतला नेमका अबोली हवाय, आणि सानिका शाळेतून थेट दुकानात. एरवी घरी जाते. चेहरा लाल. दप्तर काउंटरसमोरच्या गादीवर आपटलं.

"रियानं नाचाच्या ग्रुपमधून मला काढलं. गॅदरिंगच्या. आणि मला सांगितलंही नाही. बाकीच्यांना सगळ्यांना माहीत होतं."

माझ्या तोंडात आलंच होतं, घरी गेल्यावर बोलू हं. अर्धं निघालंही. "सानू, आत्ता..."

"माहितीये! तुला कधीच वेळ नसतो!" भर दुकानात ओरडली, सगळ्या बायका बघायला लागल्या, आणि तिनं पाठ फिरवली. कपाटाकडं तोंड करून उभी राहिली.

आला तागा छातीवर. हात गार. फिरवलेली पाठ, माझा सगळ्यात जुना, सगळ्यात वाईट ट्रिगर. पळून जावं किंवा तिच्या अंगावर ओरडावं, दोनच गोष्टी सुचत होत्या. मी पाय जमिनीला टेकवले. मोरपंखी. चिंतामणी. तिचे खांदे हलत होते, ते मला तेव्हा दिसले. पाठ फिरवून रडत होती ती. मला सोडून चालली नव्हती कुठंच, माझ्याच दुकानात येऊन रडत होती.

मी हातातलं कापड खाली ठेवलं आणि काउंटरबाहेर आले.

"अहो, माझा अबोली!" मावशी म्हणाल्या.

"थांबावं लागेल," मी म्हटलं. मावशींनी नाक मुरडलं. शेजारून नसीम आपा आवाज ऐकून आल्याच होत्या. त्यांनी माझ्या काउंटरचा ताबा घेतला आणि मावशींना बिनदिक्कत गाजरी रंग दाखवायला लागल्या. मी तिकडं बघितलंच नाही.

मी सानिकाच्या शेजारी गादीवर बसले. नुसती बसले. काय वाटतंय असं विचारलं नाही. जरा वेळानं ती खाली बसली, माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मोठ्यानं, पाच वर्षांच्या पोरीसारखी रडली. मी सगळं ऐकलं. रिया काय म्हणाली, कोण हसलं, डबा तिनं कसा एकटीनं खाल्ला. जवळ पडलेलं सॅटिनचं नवं कापड ओढून तिनं त्याला नाक पुसलं. मी बघितलं आणि पुसू दिलं.

हळूहळू हुंदके थांबले. मला वाटलं, आता उठेल, दप्तर उचलेल, काही नाही म्हणेल. ती उठली नाही. मांडी नीट घातली, केस मागं सारले आणि माझ्याकडं वळली.

"आई, आणि अजून एक गोष्ट आहे."

"सांग," मी म्हटलं.